दुकान आपलं, पोरगंही आपलं

डॉक्टर ताई, सप्रेम नमस्कार.

आमचं गाव बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याला लागून आहे. हायस्कूलच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की आमचं खोकं. सकाळी मी बसते, संध्याकाळी मालक बसतात. वह्या, पेन, बिस्किटं, चहापत्ती, साबण असतंच, पण निम्मा गल्ला तंबाखूच्या पुड्या, पानमसाला आणि सुट्ट्या सिगारेटींवर होतो. माझं माहेर निपाणी. आई आयुष्यभर तंबाखूच्या वखारीत राबली. त्यामुळे तंबाखूला वाईट म्हणायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही.

धाकटा मुलगा पीयूच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे, वय सतरा. बसनं बेळगावला जातो. गेल्या महिन्यात धुणं धुताना त्याच्या पँटच्या खिशातून माव्याची पुडी निघाली. विचारलं तर 'मित्राची आहे' म्हणाला. नंतर माझ्या ध्यानात आलं, बरेच दिवस तो जेवताना तिखट नको म्हणतोय. मालकांनी पट्ट्यानं मारलं. दोन दिवस तो जेवला नाही, आता समोर आला तरी बोलत नाही. त्याच्या मित्राकडून कळलं की पहिल्या पुड्या त्यानं आमच्याच खोक्यातून उचलल्या होत्या. तेव्हापासून मला झोप नाही.

सरकारनं वय एकवीस केलंय असं लोक म्हणतात. रोजच्या गिऱ्हाइकाला वय कसं विचारायचं? मालक म्हणतात, 'तू नाही दिलंस तर पुढचा देईल. नाहीतर पोरं शिनोळीला जाऊन आणतील, तिकडं महाराष्ट्रात अठराच आहे.' मी काय करू? विकायचं बंद केलं तर घर कसं चालवू? पोराची सवय कशी सोडवू? पोलीस त्याला धरतील का? आणि कॉलेजात सांगू का?

तुमची एक बहीण, बेळगाव तालुका

*

ताई, मावा विकत घेतला किंवा खाल्ला म्हणून पोलीस तुमच्या मुलाला धरणार नाहीत. हे आधी सांगते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. सार्वजनिक जागी सिगारेट ओढली किंवा पिचकारी मारली तर दंड होतो, पण ती वेगळी गोष्ट झाली. तंबाखू विकत घेणारं पोरगं कायद्याच्या नजरेत गुन्हेगार नसतं. कायदा बोट दाखवतो ते विकणाऱ्याकडे.

आणि विकणाऱ्या तुम्ही आहात. हे कानाला कडू लागेल, पण तुम्ही स्वतः इतकं खरं लिहिलंय, तेव्हा मीही आडपडदा ठेवत नाही.

देशभराचा तंबाखू नियंत्रण कायदा 2003 चा. त्यात 18 वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकायला मनाई आहे आणि शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत ती विकायलाच बंदी आहे. कर्नाटकानं 2024 मध्ये विधिमंडळात या कायद्याची दुरुस्ती मंजूर केली. मे 2025 मध्ये तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ती लागू झाली. आता आपल्या राज्यात विक्रीसाठी वय 21. अंतर 100 मीटर. सुट्टी सिगारेट, सुट्टी बिडी विकायला बंदी. दंड पूर्वी 200 रुपयांपर्यंत होता, तो 1000 पर्यंत नेला. हुक्का बारवर तर थेट कैद आहे. याशिवाय मुलांच्या संरक्षणासाठी 2015 चा बाल न्याय कायदा आहे. त्याच्या 77 व्या कलमानुसार 18 वर्षांखालच्या मुलाला तंबाखू देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम पानपट्टीवाल्यांना कुणी सांगत नाही. सांगितलं असतं तर बऱ्याच जणांचा हात पुडीपर्यंत जाताना थबकला असता.

म्हणजे 'गिऱ्हाइकाला वय कसं विचारायचं' हा तुमच्यापुरता प्रश्नच उरत नाही. तुमचं खोकं फाटकासमोर आहे. तिथं साठीच्या म्हाताऱ्यालाही तंबाखूची पुडी विकता येत नाही. नवा कायदा यायच्या आधीही येत नव्हती. इतकी वर्षं कुणी येऊन विचारलं नाही, हे खरं. त्याबद्दल मला राग आहे आणि तो तुमच्यावर नाही. शाळेभोवतीच्या दुकानांची साधी यादी करायची म्हटली तरी तालुक्याला फार कष्ट पडणार नाहीत. वय वाढवलं, दंड वाढवला, पण फाटकासमोरच्या पुड्यांच्या माळा जागच्या जागी राहिल्या तर मुलांच्या पदरात काय पडलं? सरकारनं आपल्या नियमांचा फेरविचार करावा तो इथून.

आता 21 कशासाठी, ते ऐका. मालकांना हे पटायला हवं. सतरा वर्षांच्या पोराला पुडी कोण देतं? दुकानदार देतो, हे आपण बघितलंच. पण त्याहून जास्त वेळा देतो तो त्याच्याच बाकावरचा किंवा एखाद्या वर्षानं पुढचा मित्र. वय 18 असतं तेव्हा पीयूच्या वर्गात, बसस्टॉपवर, क्रिकेटच्या मैदानात कायद्यानं विकत घेऊ शकणारा एक तरी मुलगा असतोच. तोच सगळ्यांसाठी घेऊन येतो. वय 21 केलं की असा मुलगा त्या घोळक्यातून बाहेर पडतो. अमेरिकेतल्या वैद्यकीय तज्ज्ञांच्या संस्थेनं 2015 मध्ये याचा अभ्यास मांडला होता. वय 21 केल्याचा सर्वात मोठा फायदा 15 ते 17 वयाच्या मुलांना होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. डिसेंबर 2019 मध्ये त्या देशानं वय 21 केलं. आपल्या केंद्र सरकारच्या 2020 च्या मसुद्यातही 21 च सुचवलं होतं, पण देशाचा कायदा 18 वरच राहिला. कर्नाटकानं वाट न बघता पाऊल टाकलं, हे मला मनापासून योग्य वाटतं. विशीनंतर तंबाखूला पहिल्यांदा हात लावणारे माझ्याकडे क्वचितच येतात. जे येतात ते जवळजवळ सगळे मिसरूड फुटायच्या वयात लागलेले असतात. मेंदूची घडण साधारण 25 पर्यंत चालू असते. त्या काळात निकोटीन मिळालं की तलफ मुळापर्यंत जाते. देशभरातल्या 13 ते 15 वर्षांच्या शाळकरी मुलांची 2019 मध्ये पाहणी झाली, तेव्हा 8.5 टक्के मुलं कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. पन्नास मुलांच्या वर्गात चार.

शिनोळीचं म्हणाल, तर मालकांचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाचीच्या पुढं गेलं की राज्य बदलतं आणि राज्याबरोबर वय 18 वर येतं. आपल्या भागातल्या पोरांना दोन्हीकडचं पाणी माहीत असतं. पण तुमचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याला बेळगावात विकणं गुन्हा आणि शिनोळीतही गुन्हाच. मावा आणि गुटख्याच्या बाबतीत तर महाराष्ट्र जास्त कडक आहे. तिकडं 2012 पासून गुटख्यावर आणि पानमसाल्यावर बंदी आणली, आपल्याकडे 2013 मध्ये गुटखा बंद झाला पण पानमसाला राहिला. मग कंपन्यांनी वाट शोधली. एका पुडीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेल्या. गिऱ्हाईक दोन्ही फाडून तळहातावर एकत्र करतं आणि बंद झालेला गुटखा तोंडात जातो. तुमच्या खोक्यातही त्या दोन माळा शेजारीशेजारी असणार, हे मी न बघता सांगते. आपल्याकडून कोगनोळी-कागलच्या वाटेनं हाच माल पलीकडे जातो आणि पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. तेव्हा पोरं शिनोळीला जाऊन आणतील ही भीती उलटी आहे. बहुतेक माल जातो तो आपल्याकडून तिकडं.

आणि समजा गेलाच एखादा पोरगा शिनोळीला, तर जाऊ दे. गाडी काढून, पेट्रोल घालून, वेळ काढून रोज कोण जाणार? शाळेसमोर पाच-दहा रुपयांत हाताला लागणारी पुडी आणि हद्दीपलीकडची पुडी यात फार अंतर आहे. लागायचं वय असतं तेव्हा तेवढी अडचणही पुरते.

आता मुलाकडे येते. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यानं मी जागची हलले. तो जेवताना तिखट नको म्हणतो. ताई, हे सहज घेऊ नका.

मावा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला. लोकांना तंबाखूची भीती वाटते, सुपारीची वाटत नाही. 'नुसती सुपारी खातो' असं मुलं मला अभिमानानं सांगतात. पण गालाच्या आतलं कातडं आवळत नेण्याचं काम सुपारीच करते, तंबाखू नसली तरी करते. सुपारी स्वतःच कर्करोग करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्येच जाहीर केलं आहे. आधी तोंडाची आग व्हायला लागते, साधी आमटीसुद्धा झोंबते. मग गालाचा आतला भाग गुलाबी न राहता फिकट, पांढुरका दिसायला लागतो. बोट फिरवलं तर मऊ लागायला हवा तो गाल आतून दोऱ्या ताणल्यासारखा लागतो. मग तोंड कमी उघडायला लागतं. हे सगळं इतक्या हळू होतं की पोराला स्वतःलाही कळत नाही. खानापूरकडचा एक कॉलेजचा मुलगा माझ्याकडे आला होता तो पाणीपुरी तोंडात जाईना म्हणून. मित्र हसले, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्याला आरशासमोर उभं करून आपली तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी धरून दातांच्या मधे घालायला सांगितली. दोनच गेली. तिसरं जाईना, तेव्हा तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

ही तीन बोटांची परीक्षा तुम्ही घरी करू शकता, पण मुलाला धरून करू नका. 'डॉक्टर बाईंनी सांगितलंय, आपण सगळेच करून बघूया' म्हणा आणि आधी तुम्ही करा, मग मालकांना करू द्या. मालक स्वतः तंबाखू मळतात की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मळत असतील तर त्यांनी मुलाच्या आधी करावी. मग उजेडात, टॉर्च घेऊन, गालाच्या आत, जिभेखाली, ओठाच्या आतल्या बाजूला बघा. पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब दाताच्या डॉक्टरकडे आणा. काही दिसलं नाही तरी एकदा आणाच. तिखट झोंबतंय एवढं कारण पुरेसं आहे. सतराव्या वर्षी थांबला तर पुढचं नुकसान थांबतं. आवळलेलं तोंड पूर्ववत करणं मात्र फार कठीण असतं, म्हणून मी घाई करते आहे.

सवय सोडवताना तुम्हाला सर्वात आधी हे ठाऊक हवं की पहिले तीन दिवस वाईट असतात. पोरगं चिडेल, डोकं धरून बसेल, रात्री झोप लागणार नाही, अभ्यासात लक्ष लागणार नाही, उगाच भूक लागेल. घरच्यांना वाटतं हा नाटक करतोय किंवा आणखी बिघडलाय. तो बिघडलेला नसतो, निकोटीन शरीरातून जात असतं. दोन ते चार आठवड्यांत हे निवळतं. एक तलफ काही मिनिटंच टिकते. तेवढा वेळ तोंडाला आणि हाताला दुसरं काहीतरी लागतं. घोटभर पाणी, भाजलेले चणे, फुटाणे, लवंग, बडीशेप. सुपारी नको, गोड सुपारी नको, 'आयुर्वेदिक' म्हणून मिळणारं सुपारीचं मिश्रणही नको. पुडी तो नेमकी कधी खातो हे त्यालाच शोधू दे. बस यायच्या आधी? दुपारच्या डब्यानंतर? मैदानावर? एका मुलानं मला सांगितलं की त्याला तलफ अशी येतच नाही, फक्त ठरावीक मित्र भेटले की हात खिशात जातो. त्यानं आधीची बस धरायला सुरुवात केली. औषधापेक्षा हे जास्त कामाला आलं.

निकोटीनचं गम मिळतं, पण तुमचा मुलगा 18 च्या आत आहे, तेव्हा डॉक्टरला विचारल्याशिवाय ते देऊ नका. तंबाखू सोडवणूक केंद्रं राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत चालतात. आपलं जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स. केसपेपर काढताना तंबाखू सोडायची आहे असं सांगा. दंत महाविद्यालयांतही हे समुपदेशन मिळतं. आणि घरबसल्या बोलायचं असेल तर 1800-11-2356 हा फुकट नंबर आहे. बेंगळुरूचं निमहान्स आणि मुंबईचं टाटा मेमोरियल ही त्याची केंद्रं, त्यामुळे हिंदी-इंग्रजीशिवाय आपल्या भाषांतही बोलणारं माणूस मिळतं. हा नंबर तुम्हाला शोधावा लागणार नाही. तुमच्या खोक्यातल्या तंबाखूच्या प्रत्येक पुडीवर, इशाऱ्याच्या चित्राच्या खालीच छापलेला आहे. फोन मुलाला स्वतःला करू द्या. तुम्ही शेजारी बसू नका. आईसमोर तो खरं सांगणार नाही आणि खरं सांगितल्याशिवाय तिकडचा माणूस मदत करू शकणार नाही.

मारण्याबद्दल. मालकांचा जीव तुटला म्हणून हात उठला, हे मला कळतं. पण ज्या घरात पुडी विकली जाते त्या घरात पुडी खाल्ली म्हणून मार मिळतो, तेव्हा पोराला एवढंच समजतं की मोठ्यांचा नियम पैशाला एक आणि मुलाला एक. तो आता बोलत नाही यात मारापेक्षा हे जास्त आहे, असं मला वाटतं. मालकांनी एकदा त्याला बाजूला घेऊन 'माझं चुकलं, पण मला तुझी काळजी आहे' एवढं म्हणावं. आपल्याकडे बापानं मुलाला असं म्हणायची पद्धत नाही, मला माहीत आहे. तरी म्हणावं. ते जमतच नसेल तर मामा असेल, आजोबा असतील, शाळेतले जुने सर असतील, ज्याच्याशी पोरगा मोकळा आहे त्याला मध्ये घ्या. आणि मधेच एखाद्या दिवशी त्यानं पुन्हा पुडी खाल्ली तर सगळं वाया गेलं असं समजू नका. सोडणारे बहुतेक जण एक-दोनदा घसरतात. कुठं घसरला ते विचारा आणि पुढं चला.

खोक्याचं काय, हा तुमचा सर्वात अवघड प्रश्न आहे आणि मी पगारदार माणसासारखं 'बंद करा' म्हणून मोकळी होणार नाही. पण बंद करावंच लागेल. तेव्हा कसं करायचं ते बोलू.

निम्मा गल्ला तंबाखूवर होतो म्हणता. गल्ला आणि नफा एक नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. एका वहीत आठवडाभर लिहा, कोणत्या मालातून हातात किती उरलं. पुडीमागं सुटणारे पैसे, गळून गेलेली उधारी, आणि घरातल्याच माणसानं उचललेल्या पुड्या, सगळं मांडा. वही मालकांसमोर ठेवा. माझ्या ओळखीच्या एका दुकानदारीण बाईंनी हे केलं तेव्हा उधारीच्या रकान्यात सगळ्यात जास्त नावं तंबाखूचीच निघाली. चहापत्तीची उधारी लोक देतात, पुडीची विसरतात. तुमचा हिशोब वेगळा निघेल कदाचित, पण तो डोळ्यांसमोर असल्याशिवाय भीतीच मोठी दिसत राहते.

नवीन माल घेऊ नका आणि असलेला घाऊकवाल्याकडे परत द्यायचा प्रयत्न करा. पुढं टांगलेल्या माळा आजच काढा, कारण त्या हायस्कूलच्या पोरांच्या बरोबर डोळ्यांसमोर लोंबतात. ती जागा रिकामी ठेवू नका. शाळेसमोरचं दुकान म्हणजे सकाळची आणि मधल्या सुट्टीची गर्दी हक्काची. गरम नाश्त्याची एखादी गोष्ट, उप्पीट, इडली, उकडलेली अंडी, जे तुमच्या हाताला जमतं ते. झेरॉक्स आणि रिचार्जला किती मागणी आहे तेही बघा. सुरुवातीला हात अडला तर सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2000 रुपये आणि बायकांच्या संघाचं छोटं कर्ज, एवढ्यावर एक-दोन महिने निघू शकतात. तोटा होईल, थोडा होईलच. तो पुढच्या दुकानदाराच्या खिशात जातोय असं मालकांना वाटेल, म्हणून पुढचं काम एकटीनं करू नका.

शाळेच्या एसडीएमसीकडे, म्हणजे शाळेच्या विकास समितीकडे जा. तुमच्या गल्लीतल्या दोन-चार आयांना बरोबर घ्या. केंद्र सरकारच्या तंबाखूमुक्त शाळेच्या नियमावलीत शाळेपासून 100 यार्डांवर पिवळी रेघ मारायची आणि फलक लावायचा, असं सांगितलेलं आहे. मुख्याध्यापकांना सांगा, आमच्या खोक्यातलं आम्ही बंद करतोय, आता रेघ मारा आणि रेघेच्या आतल्या सगळ्यांना सांगा. ग्रामपंचायतीत पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या म्हणजे तो पुढं सरकायला अडचण होत नाही, पण दुकानांवर लावायचा फलक कन्नड आणि मराठी दोन्हींत मागा. 21 वर्षांचा नियम गावात खरोखर कळायला हवा असेल तर तो गाव वाचतं त्या भाषेत लागला पाहिजे. एका दुकानानं बंद केलं की शेजारच्याचा धंदा वाढतो, सगळ्यांनी बंद केलं की कुणाचंच एकट्याचं नुकसान होत नाही. आणि हे आधी विकणारी बाई बोलली तर गाव ऐकेल. बाहेरून आलेल्या माझ्यासारखीचं ऐकणार नाही.

माहेरचं तुम्ही मुद्दाम लिहिलंत, त्याबद्दल दोन शब्द. निपाणीच्या तंबाखूवर हजारो घरं उभी राहिली, यात काही लपवायचं नाही. 1981 साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी महामार्गावर बसले, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. वखारीतल्या बायकांनी त्याच सुमारास संघटना बांधून पगार आणि कामाचे तास मागितले. तुमच्या आईच्या पिढीनं तंबाखूची धूळ छातीत घेऊन तुम्हाला शिकवलं. त्या कष्टाचा मान वेगळा आणि पोराच्या तोंडातली पुडी वेगळी. खोक्यातून तंबाखू काढली म्हणजे आईला नावं ठेवली, असं मनात आणू नका. वखारीतल्या कितीतरी बायकांनी मला सांगितलंय, आम्ही राबलो ते आमच्या पोरांना इथं यावं लागू नये म्हणून. तुमच्या आई असतील तर त्यांनाच नातवाशी बोलू द्या. तंबाखूबद्दल त्यांच्याइतकं ठाऊक असलेलं माणूस तुमच्या घरात दुसरं नाही.

राहिलं कॉलेज. आधी मुलाला विचारल्याशिवाय सांगू नका. त्याच्या पाठीमागं सांगितलंत तर जो थोडा धागा शिल्लक आहे तोही तुटेल. तो सोडायला तयार झाला आणि त्याची हरकत नसली, तर एकाच प्राध्यापकांना, ज्यांच्यावर त्याचा विश्वास आहे अशांना, एवढंच सांगा की दोन-चार आठवडे हा चिडचिड करेल, सांभाळून घ्या. पुडी कुठून येते, कोणत्या टपरीवरून, कोण आणून देतं, हे मात्र मुलाचं नाव न घेता प्राचार्यांना कळवा. कॉलेजभोवतीच्या 100 मीटरचा नियम त्यांच्या फाटकालाही लागू आहे. तंबाखूमुक्त संस्थेचा फलक त्यांनीही लावायचा असतो. बेळगावात एवढी कॉलेजं आहेत, एवढ्या आया रोज सकाळी पोरांना बसमध्ये बसवतात. पाच-सहा जणींनी मिळून पत्र दिलं तर कुणाच्याही पोराचं नाव पुढं येणार नाही.

मुलाला घेऊन येणार असाल तर सकाळचं या, तेव्हा गर्दी कमी असते. तपासताना मी त्याला एकट्याला आत घेईन. तुम्ही बाहेर बसा, आणि मालकांनाही आणा, त्यांचंही तोंड बघायचं आहे.